दोनातून पाच गेले की ठाकुर्ली

दोनातून पाच जातात का?

तिसरीत बाईंनी सांगितलं होतं, जात नाहीत. जात नाहीत म्हणून शेजारच्या दशकाच्या घरी जायचं, एक दशक सुटा करून आणायचा आणि मग बारातून पाच घालवायचे. आणि शेजारी कुणीच राहत नसेल तर? तर गणित लिहून घेताना तुम्हीच चुकलात! पुढे सहावीत ‘पूर्णांक संख्या’ नावाचा धडा येतो आणि तेच दोन, तेच पाच, आता खुशाल जातात. उत्तर उणे तीन. मधल्या तीन वर्षांत जगात असं काय घडलं, हे कोणी सांगत नाही.

उल्हासनगर कॅम्प २ मध्ये, जपानी बाजारातल्या कापडाच्या दुकानात हा प्रश्न विचारून पाहा. गिऱ्हाइकाच्या खिशात दोनशे, कापड पाचशेचं. गल्ल्यावरचा माणूस ‘दोनातून पाच जात नाहीत’ असं म्हणत बसला, तर गिऱ्हाईकच जाईल. तो कापड बांधतो, वही उघडतो आणि तीनशे नावे टाकतो. त्या दुकानात दोनातून पाच रोज जातात, दिवसातून दहादा जातात आणि कुणालाही त्यात काही नवल वाटत नाही.

पण नवल आहे. इतकं मोठं आहे की युरोपातल्या भल्याभल्या गणितज्ञांना ते गिळायला काही शतकं लागली. ते समजून घ्यायला आपल्याला दोनच वस्तू लागतील: घरातल्या लुडोच्या डब्यातला एक फासा आणि खिशातलं एक नाणं. घेतलंत? चला, उल्हासनगर स्टेशनवर जाऊ.

जाता जाता एक गंमत. १९४९ मध्ये राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसून ‘उल्हासनगर’ हे नाव मिळण्याआधी इथे कल्याणची लष्करी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं तिच्या बराकींत राहिली, म्हणून आजही पत्ता सांगताना लोक ‘कॅम्प’ म्हणतात. कॅम्प १ ते ५. पिनकोडही तसेच: कॅम्प १ चा ४२१००१, कॅम्प २ चा ४२१००२, असे पाचपर्यंत. आता मला सांगा, कॅम्प २ वरून तीन कॅम्प मागे गेलं तर कुठे पोचाल? पहिलं पाऊल कॅम्प १. दुसरं पाऊल... कॅम्प शून्य? तिसरं कॅम्प उणे एक? पोस्टमन हसेल. लष्कराने मोजायला एकपासून सुरुवात केली आणि मागची वाट बंद करून टाकली. मोजणारा प्रत्येक जण हेच करतो. मेंढ्या, पोती, बराकी, सगळं एकपासून. मागे जायची वेळ येते तेव्हाच कळतं की आपण भिंतीला पाठ लावून उभे आहोत.

रेल्वे मात्र भिंतीला पाठ लावून उभी नाही. उल्हासनगरच्या फलाटावर उभे राहा. एका हाताला कर्जत, दुसऱ्या हाताला सीएसएमटी. दोन्हीकडे रूळ, दोन्हीकडे स्टेशनं. आपण उभे आहोत ते ठिकाण शून्य धरू. कर्जतच्या बाजूला अंबरनाथ १, बदलापूर २, वांगणी ३, शेलू ४, नेरळ ५, भिवपुरी ६. मुंबईच्या बाजूला विठ्ठलवाडी १, कल्याण २, ठाकुर्ली ३, डोंबिवली ४, कोपर ५, दिवा ६. गाडी अर्थातच स्लो, प्रत्येक स्टेशन घेणारी.

टाका फासा. पडले चार. कुठे उतरायचं?

सांगताच येत नाही! चार म्हणजे शेलू की डोंबिवली? शेलूला उतरलात तर संध्याकाळी समोर हिरवे डोंगर, डोंबिवलीला उतरलात तर पुलावरची गर्दी. आकडा तोच. फासा बिचारा फक्त ‘किती’ एवढंच सांगतो, ‘कुठे’ हे त्याच्या सहाही अंगांवर लिहिलेलं नाही. इथे नाण्याचं काम सुरू होतं. सिंहांची बाजू वर आली तर छापा: कर्जतकडे. आकड्याची बाजू आली तर काटा: मुंबईकडे. चार आणि काटा, डोंबिवली. संपलं.

हे वाचून ‘यात काय मोठं?’ असं वाटलं असेल, तर थोडं थांबा. ऋण संख्येचं सगळं भूत या एका गोंधळात बसलेलं होतं. ‘किती’ आणि ‘कुठे’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे न कळल्यामुळे लोक विचारत राहिले की शून्याहून कमी असं काही असूच कसं शकतं? टोपलीत उणे चार आंबे दाखवा बघू! नाही दाखवता येत. पण डोंबिवली दाखवता येते. डोंबिवली काही शून्याहून ‘कमी’ नाही, निदान डोंबिवलीकरांसमोर तसं म्हणू नका. ती फक्त पलीकडच्या बाजूला आहे.

आता बेरीज करू. पहिलं दान: छापा, दोन. बदलापूर. दुसरं दान: काटा, पाच. बदलापूरहून मुंबईकडे पाच स्टेशनं: अंबरनाथ, उल्हासनगर, विठ्ठलवाडी, कल्याण, ठाकुर्ली. दोनातून पाच गेले आणि आपण ठाकुर्लीला उतरलो. उणे तीन. कुठे काही अडलं? गाडीला शून्यावर धक्काही बसला नाही. उल्हासनगर आलं, पंखा फिरत होता, कुणीतरी वडापाव घेतला, गाडी सुटली.

एक मात्र लक्षात आलं असेल. एका दानात तुम्ही शून्यावर कधीच राहू शकत नाही, कारण फाशावर शून्य नाही. पण दोन दानांत घरी परतता येतं. पहिलं दान काहीही पडो, दुसरं बरोबर त्याच्या उलट पडायला हवं. एका दानाच्या बारा शक्यता, त्यातली एकच कामाची. म्हणजे बारातून एकदा तुम्ही हिंडून-फिरून पुन्हा उल्हासनगरलाच! आणि दोन दानांच्या बेरजेत शून्याइतकं वरचेवर दुसरं कोणतंच उत्तर येत नाही. जो आकडा फाशावर नाहीच, तोच सर्वांत जास्त वेळा पडतो.

अशी शंभर दानं टाकली तर? सगळी दानं एकाच दिशेची असती, तर तुम्ही सरासरी ३५० स्टेशनं दूर गेला असता. पण छापा-काटा एकमेकांना खात राहतात आणि तीनपैकी साधारण दोन वेळा तुम्ही घरापासून ३९ स्टेशनांच्या आतच सापडता. अर्थात सीएसएमटी उणे सत्तावीसवर आहे, त्यापुढे समुद्र. तेव्हा प्रयोग घरी, कागदावर करावा.

आता नाणं फाशापासून वेगळं काढू, कारण नुसत्या नाण्यांनी त्याहून मोठी जादू होते. मूठभर नाणी टेबलावर ओता. छापा वर असलेलं नाणं म्हणजे एक रुपया जमा, काटा वर असलेलं म्हणजे एक रुपया नावे. एक छापा आणि एक काटा शेजारी ठेवले की हिशेब शून्य. जमा एक, नावे एक, वही कोरी. अशा जोड्या टेबलावर कितीही टाका, हिशेब हलत नाही.

या कोऱ्या जोडीत काय दडलंय ते पाहा. शाळेत सगळ्यांत जास्त मुलं अडखळतात तो प्रश्न: तीन वजा उणे दोन. दोन उण्यांचं अधिक होतं, असं सांगून मोकळे होतात लोक. का होतं? टेबलावर तीन छापे ठेवा. आता त्यातून दोन काटे उचला. काटेच नाहीत! पुन्हा तेच तिसरीतलं ‘जात नाहीत’. पण आपल्याला फुकटात जोड्या टाकायची मुभा आहे ना? टाका दोन जोड्या. टेबलावर आता पाच छापे आणि दोन काटे, हिशेब अजून तीनच. उचला ते दोन काटे. उरलं काय? पाच छापे.

पाच! कुणी काही दिलं नाही, तरी तुम्ही दोनाने श्रीमंत झालात. दुकानदार असता तर हे सांगावंच लागलं नसतं. वहीतली दोनशेची उधारी कुणी खोडली, तर दोनशे मिळाल्यासारखंच आहे की नाही? कर्ज गेलं, हीच कमाई.

हे स्वच्छ नियम करून लिहिणारा माणूस ब्रह्मगुप्त. साल इ.स. ६२८, ग्रंथ ब्राह्मस्फुटसिद्धांत. त्याने या संख्यांना नावं दिली ती धन आणि ऋण. संपत्ती आणि कर्ज! नियम सगळे तेच, जे आपण आत्ता फलाटावर आणि टेबलावर पाहिले: दोन ऋणं मिळून ऋण, धन आणि ऋण यांची बेरीज म्हणजे त्यांच्यातला फरक, दोन्ही सारखी असतील तर शून्य. शून्यातून ऋण काढून घेतलं तर धन. इंग्रजीतून ‘मायनस’ शिकणाऱ्या मुलांना जी गोष्ट रूपक म्हणून समजावावी लागते, ती मराठी मुलाच्या पुस्तकात शब्दातच आहे. आणि आपण? ऋण संख्या म्हणतो, पण ऋण म्हणजे कर्ज हे त्या क्षणी एकाच्याही डोक्यात नसतं. मलाही कैक वर्षं नव्हतं.

कर्जाची खूण कशी करायची, याबद्दल मात्र एकमत नव्हतं. भूर्जपत्रावरचं जे बख्शाली हस्तलिखित १८८१ मध्ये पेशावरकडच्या एका शेतात सापडलं, त्यात ऋण संख्येपुढे चक्क अधिकचं चिन्ह आहे. होय, +. आजच्या मुलाने ती पोथी तपासली तर सगळी उत्तरं चूक देईल. चिनी गणिती काड्यांनी हिशेब करत. तिसऱ्या शतकातला ल्यू हुई सांगतो, धन म्हणजे लाल काड्या, ऋण म्हणजे काळ्या. आपल्याकडच्या बँकवाल्याला हे ऐकून घाम फुटेल. आणि भास्कराचार्य संख्येच्या डोक्यावर नुसता एक ठिपका देत. चिन्ह कोणतंही चालतं. नाण्याची कोणती बाजू छापा म्हणायची, हे आधी ठरलं म्हणजे झालं.

भास्कराचार्यांचं नाव आलंच आहे तर कल्याणहून गाडी बदलू. कसारा, नाशिक करत चाळीसगावला उतरलं की जवळच पाटण आहे, पाटणादेवीचं. तिथला शिलालेख सांगतो की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला. आधुनिक काळात हा लेख जगापुढे आणला डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ.स. १११४. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी सिद्धांतशिरोमणी लिहिला. त्याचाच एक भाग लीलावती, आणि तिच्यात एक त्रिकोण आहे. पाया ९, दोन भुजा १० आणि १७. वरच्या टोकावरून खाली लंब सोडा आणि तो पायाचे कोणते दोन तुकडे करतो ते सांगा.

गणित करत गेलं की एक तुकडा येतो १५. पण पाया तर नऊच! नऊच्या पायात पंधराचा तुकडा? आणि दुसरा तुकडा येतो उणे सहा. इथे आपल्यापैकी नव्वद टक्के लोक पेपर फाडतील. भास्कराचार्य शांतपणे सांगतात की हा सहा ऋण आहे, म्हणजे उलट्या दिशेचा. लंब त्रिकोणाच्या आत पडतच नाही, तो पाया ओलांडून सहा एकक बाहेर पडतो. काढून पाहा आकृती, लंब ८ येईल आणि क्षेत्रफळ ३६. कर्ज नाही, उधारी नाही, इथे ऋण म्हणजे निव्वळ दिशा. आपण फलाटावर उभं राहून नाण्याने जे केलं, ते या माणसाने बाराव्या शतकात एका रेघेवर केलं.

आणि तरीही, गंमत बघा, हेच भास्कराचार्य माकडांपाशी अडले. बीजगणितात त्यांचं एक कोडं आहे: कळपाच्या पाचव्या भागातून तीन माकडं वजा करा, जे राहील त्याचा वर्ग केला तेवढी माकडं गुहेत गेली, एक बाहेर दिसतंय, तर कळप केवढा? उत्तरं दोन येतात, ५० आणि ५. पन्नासचा पाचवा भाग दहा, वजा तीन सात, साताचा वर्ग एकोणपन्नास, अधिक एक. जमलं. पाचाचा पाचवा भाग एक, वजा तीन उणे दोन, त्याचा वर्ग चार, अधिक एक. हेही जमलं! पण भास्कराचार्य दुसरं उत्तर घेत नाहीत, कारण उणे दोन माकडं लोकांना पटत नाहीत. मला हे फार आवडतं. रेघेवरचं उणे सहा चालतं, झाडावरचं उणे दोन माकड चालत नाही. दिशा असते तिथे ऋण घर करतं, नुसत्या मोजणीत त्याला दार बंद. कॅम्पांच्या नंबरांसारखंच.

युरोपात तर विचारू नका. सोळाव्या शतकात कार्दानो अशा उत्तरांना काल्पनिक म्हणत होता. ऑगस्टस डी मॉर्गनसारखा मोठा तर्कशास्त्री, जन्माने मदुराईचा, त्याने १८३१ मध्ये एक उदाहरण दिलं: बाप ५६ वर्षांचा, मुलगा २९ चा, बापाचं वय मुलाच्या दुप्पट कधी होईल? उत्तर येतं उणे दोन. आणि हे उत्तर डी मॉर्गनला विसंगत वाटलं! अहो, दोन वर्षांपूर्वी बाप ५४ चा होता आणि मुलगा २७ चा. झालं की दुप्पट. ‘होईल’ म्हणत पुढे बघत बसलात म्हणून गोंधळ, जरा मागे वळून ‘झालं होतं’ म्हणा. पण डी मॉर्गनचं म्हणणं हेच होतं की असं उत्तर आलं तर प्रश्नच बदलून लिहा. उल्हासनगरचा गल्लेवाला प्रश्न बदलत नाही, वहीची बाजू बदलतो.

आता शेवटचं भूत. उणे गुणिले उणे अधिक का? यासाठी पुन्हा फलाटावर. समजा एक स्लो लोकल मुंबईकडे निघाली आहे आणि या घटकेला ती उल्हासनगरला उभी आहे. मुंबईची दिशा काटा, म्हणजे तिची चाल दर थांब्याला उणे एक. तीन थांब्यांनंतर ती कुठे असेल? ठाकुर्लीला, उणे तीन. उणे एक गुणिले तीन. बरोबर. तीन थांब्यांपूर्वी ती कुठे होती? मुंबईकडे जाणारी गाडी तीन थांब्यांपूर्वी वांगणीलाच असणार, दुसरीकडे असणार कुठे! काळ मागे, म्हणजे उणे तीन, चाल उणे एक, आणि जागा? अधिक तीन. रोज मुंबईला जाणाऱ्या कोणत्याही बदलापूरकराला हे उत्तर झोपेत येतं. इंडिकेटरवर गाडी दिसली की ‘आत्ता वांगणी सोडली असेल’ असं तो सहज म्हणतो आणि दोन ऋणांचा गुणाकार करून मोकळा होतो.

नाण्याने हे आणखी थोडक्यात होतं. उणे एकाने गुणणं म्हणजे नाणं उलटं करणं. एकदा उलटलं, छाप्याचा काटा. दुसऱ्यांदा उलटलं, काट्याचा छापा. कितीही उणे संख्या गुणा, नाणं किती वेळा उलटलं एवढंच मोजा. सम वेळा असेल तर छापा, विषम असेल तर काटा. बाकी सगळा गुणाकार फाशाचा.

त्या फाशाबद्दल एक राहिलंच. लुडोच्या फाशाच्या समोरासमोरच्या बाजूंची बेरीज नेहमी सात होते: एकासमोर सहा, दोनासमोर पाच, तीनासमोर चार. तुम्ही आत्ता फासा हातात घेऊन फिरवून पाहिलात ना? मोहेंजोदडोच्या उत्खननात मातीचे फासे निघाले, चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे. त्यांवर असं नाही. तिथे एकासमोर दोन, तीनासमोर चार, पाचासमोर सहा. मोहेंजोदडो आहे सिंधमध्ये, लारकान्याजवळ. कॅम्प २ मधल्या कितीतरी घरांचे पणजोबा त्याच मुलखातून १९४७ नंतर इथे आले. जे फासे टाकत आपण कर्जत-मुंबई करतोय, त्यांचे पूर्वजही या पणजोबांच्याच गावाकडचे.

अंबरनाथला मात्र एकदा उतराच, अधिक एकवर. शके ९८२ चं शिवमंदिर, भास्कराचार्यांच्या जन्माआधी अर्धशतक बांधलेलं. बहुतेक देवळांत देवाकडे पायऱ्या चढून जायचं. इथे गाभाऱ्यात पायऱ्या उतरून जावं लागतं, सभामंडपाच्या जमिनीच्या खाली. मॉलच्या लिफ्टमध्ये उणे एकचं बटण आता आलं. अंबरनाथचा महादेव साडेनऊशे वर्षं उणे मजल्यावर बसलेला आहे.

आता पुन्हा उल्हासनगर, पुन्हा फासा. दोन दानांत जास्तीत जास्त किती लांब जाता येईल? छापा-सहा, छापा-सहा, म्हणजे अधिक बारा. मोजा: भिवपुरीनंतर कर्जत सात, मग पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी आणि बारावं खोपोली. रूळ तिथेच संपतात! असं दान १४४ वेळांतून एकदा पडणार, पण पडलं तर गाडी नेमकी शेवटच्या स्टेशनवर. कुणी ठरवून केलेलं नाही हे.

फार दिवस टिकणारही नाही. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मध्ये चिखलोली स्टेशन मंजूर झालेलं आहे. तिथे गाड्या थांबायला लागल्या की बदलापूर होईल तीन आणि खोपोली जाईल तेरावर, दोन दानांच्या आवाक्याबाहेर. मग तीन दानं लागतील. सहा, सहा आणि वर एक. चौसर खेळणाऱ्या आजोबांना विचारा, तीन फाशांवर सहा, सहा आणि एक पडले की त्या दानाला काय म्हणतात. पौबारा.